टीव्हीतून येणारा वास

(खाणावळीच्या मागची खोली. भिंतीवर टीव्ही. मधलं दार उघडं, पलीकडे स्वयंपाकघर. दिवेलागणीची वेळ. म्हातारा आचारी, त्याची लेक आणि शेजारचा शिंपी.)

आचारी: …सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, म्हणून मी सांगतच नाही. पण टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेचा गेल्या वर्षीचा विजेता मी नाकाने ओळखला होता. इथे, या खुर्चीत बसून. टीव्हीतून वास येतो मला.

लेक: सांगतच नाही म्हणता, आणि सकाळपासून ही तिसरी खेप आहे, अण्णा.

शिंपी: मी साक्षीदार आहे, बाई. गेल्या वर्षी सगळी खाणावळ त्या जाड्या पोराच्या मागे होती. हा एकटा म्हणाला, पोराने मीठ दोनदा घातलंय, आज रडत घरी जाणार. आणि खरंच, परीक्षकाने घास घेतला, आणि… हाऽऽक्छी!

लेक: आणि शिंकला?

शिंपी: पाणी मागितलं त्याने. शिंकलो मी. सर्दी झालीय.

आचारी: सर्दी? आजच?

शिंपी: सर्दी काय मुहूर्त बघून येते? सकाळपासून नाक म्हणजे शिवून टाकलेला खिसा झालंय. आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही.

आचारी: बरं, बरं. असू दे. बैस. पोरी, तुझ्या कॉफीला दूध ठेवलंय, बारीक आचेवर. आटवून देतो, तुझी आई द्यायची तसं. तोवर टीव्ही लाव. आज अंतिम फेरी आहे.

लेक: मी टीव्ही बघायला आलेले नाही.

आचारी: ठाऊक आहे कशाला आलीस ते. उद्या सकाळी गॅसवाला येणार, टाक्या उचलून नेणार, आणि मी तुझ्या बाल्कनीत बसून कबुतरांशी गप्पा मारणार.

लेक: शेगड्या ठेवा ना. शेगड्यांना कुणी हात लावत नाही. फक्त टाक्या जातील.

आचारी: टाक्या गेल्यावर शेगडी ठेवायची? पाय तोडून घ्यायचे आणि म्हणायचं, बूट ठेवा हो तुमचे.

शिंपी: बाई, म्हाताऱ्या तोंडी मोठा घास घेतो. पण याची चूल बंद केलीस ना, तर हा…

लेक: काका, तुम्ही पूर्वी इथे जेवायला कधी यायचात?

शिंपी: दुपारी. दुकान बंद करून.

लेक: आणि आता?

शिंपी: आता जरा… लवकर येतो.

लेक: पहिली शेगडी पेटायच्या आधी येता. शेवटची विझेपर्यंत हलत नाही. तुमचं मशीन धूळ खातंय. गिऱ्हाइकं इथे येऊन मापं देतात म्हणे, भाताच्या पातेल्याशेजारी उभी राहून.

आचारी: दोस्ती म्हणतात त्याला. तुमच्या पिढीला फोनवरची माहीत.

लेक: गेल्या रविवारी मी त्या दारात उभी होते. तुम्हा दोघांना पत्ता नव्हता. कढईत कांदा काळा पडायला लागला होता, आणि तुम्ही पाठमोरे उभे राहून जहाजाची गोष्ट सांगत होतात. काकांनी कात्री टेबलावर दोनदा आपटली. टक, टक. तुम्ही गोष्ट अर्धी टाकून कढईकडे धावलात.

आचारी: योगायोग.

लेक: दोन टकटक म्हणजे करपतंय. एक म्हणजे काय हो, काका?

शिंपी: मला काय माहीत, बाई?

लेक: काका.

शिंपी: एक म्हणजे झालंय, उतरव.

आचारी: शिंप्या!

शिंपी: अरे, ती बघते कशी बघ! दवाखान्यातल्या माणसांनी विचारलं की माझ्या तोंडून आपोआप खरं येतं. जीभ बाहेर काढा म्हणाली असती तरी काढली असती.

आचारी: खेळ आहे तो आमचा. म्हातारपणी काय विटीदांडू खेळायचा?

लेक: आणि त्या दिवशी बटण उघडं राहून गॅस सुटला होता, तोही खेळ? समोरच्या पाववाल्याला रस्त्याच्या पलीकडे वास गेला. तुम्ही आत बसून शेंगा सोलत होतात.

आचारी: मुद्दाम सोडला होता. पाववाल्याचं नाक शाबूत आहे का, ते बघायला. माणूस पाव भाजतो, त्याच्या नाकावर गल्लीचा भरवसा असतो.

लेक: अण्णा, मी जळीत वॉर्डात काम करते. तिथे काय बघते ते मी घरी कधी सांगितलं नाही. आज सांगायला लावू नका.

शिंपी: टीव्ही लावतो मी. चालू झालं असेल.

आचारी: जहाजावर होतो तेव्हाची गोष्ट. धुकं असं, की कप्तानाला स्वतःच्या मिशा दिसेनात. किनारा कुठे, खडक कुठे, पत्ता नाही. सगळे देवाचं नाव घ्यायला लागले. मला डोलकाठीवर चढवलं. मी एकच श्वास घेतला आणि ओरडलो, उजवीकडे घ्या! तिकडे कुणीतरी पाव भाजतंय!

लेक: गेल्या खेपेला कुणीतरी कांदा परतत होतं.

आचारी: कांद्याचाच पाव होता तो.

शिंपी: आणि त्याआधी मासा होता.

आचारी: तू कुणाच्या बाजूने आहेस?

शिंपी: मी गोष्टीच्या बाजूने आहे. गोष्टीत निदान शेगडी एकच असू दे.

लेक: अण्णा, आईची शाल कुठे असते हल्ली?

आचारी: कुठे म्हणजे? माझ्या उशाशी. रोज रात्री नाकाशी धरल्याशिवाय झोप लागत नाही. तिच्या तेलाचा वास येतो अजून. कालसुद्धा आला.

लेक: मी ती मागच्या महिन्यात धुतली.

आचारी: धुतली?

लेक: चुकून. तुमच्या चादरी धुवायला नेल्या, त्या गठ्ठ्यात गेली. साबणाच्या पाण्यात दिसली तेव्हा न्हाणीघरात बसून रडले मी. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. वाळवून, घडी घालून परत उशाशी ठेवली, आणि वाट बघत बसले. आता ओरडतील, मग ओरडतील. महिना झाला. तुम्ही रोज म्हणता, वास येतो.

शिंपी: आता बोल, वस्ताद.

आचारी: धुतलं म्हणून माणूस जातं होय गं? ती काय डाग होती?

लेक: हे असं बोलता ना तुम्ही. आणि मी दर वेळी फसते.

आचारी: मग आज फसू नकोस. परीक्षा घे माझी. ही अंतिम फेरी आहे. निकाल लागायच्या आधी विजेता सांगतो. नुसत्या नाकाने. चुकलो, तर उद्या टाक्या मी स्वतः खांद्यावर टाकून गाडीत चढवतो. बरोबर आलो, तर गॅसवाला दारातून परत.

लेक: टीव्हीतून वास येत नाही, अण्णा. कुणालाच येत नाही.

आचारी: मग तुझं काय जातंय? हरणारच आहे मी. तेवढी संधी तरी दे. तुझ्या वॉर्डात शेवटचं पाणी तरी पाजतात ना?

शिंपी: घे ना, बाई. म्हाताऱ्याचं मन राहील.

लेक: आणि डोळ्यांनी बघून सांगितलंत तर?

आचारी: बांध डोळे. शिंप्या, काळ्या अस्तराचा तुकडा असेल की नाही खिशात?

शिंपी: शिंप्याच्या खिशात रुमाल नसेल, अस्तर असतं. थांब. हे घे. घट्ट होतंय?

आचारी: होऊ दे. पोरी, बोटं नाचव माझ्यासमोर. किती आहेत विचार.

लेक: विचारत नाही. तुम्ही वासावरून सांगाल. आवाज बंद करते मी.

आचारी: आवाज कशाला?

लेक: नाकाची परीक्षा आहे ना? कान कशाला हवेत? आणि काका, हात मांडीवर. कात्री इकडे द्या.

शिंपी: कात्री काढून घेतलेला शिंपी म्हणजे…

लेक: द्या.

आचारी: बरोबर सांगितलं तर गॅसवाला परत. म्हण एकदा तोंडाने.

लेक: बरोबर सांगितलंत, तर मी स्वतः फोन करून त्याला नको म्हणते. अण्णा, खरं सांगू? हरायला आवडेल मला.

आचारी: हां! आता कशी माझी लेक बोलली. कोण कोण उरलंय?

लेक: दोघं. दाढीवाला आणि चष्मेवाली. गोड करायचंय. दोघंही साखर जाळून नासपतीवर ओतणार आहेत असं दिसतंय.

आचारी: साखर! अरे वा. साखर जाळणं म्हणजे दोन श्वासांचा खेळ. एका श्वासाला सोनं, दुसऱ्याला कोळसा. डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे नाकच लागतं. मला एवढंच सांग, ते ढवळतायत, की भांडं फिरवतायत?

लेक: दाढीवाला चमच्याने ढवळतोय. चष्मेवाली नुसतं भांडं फिरवतेय.

आचारी: हं. दाढीवाल्याची साखर खडे धरणार.

लेक: हा वास होता?

आचारी: वासाचा चुलतभाऊ.

शिंपी: हाऽऽक्छी! माफ करा. चालू द्या.

आचारी: आता गप्प बसा दोघं. नाकाला आवाज चालत नाही. …हां. आली. साखर आली. आता कडा सोडतेय.

लेक: अण्णा.

आचारी: शू.

लेक: अण्णा, कसला वास येतोय तुम्हाला?

आचारी: सांगितलं ना, साखरेचा.

लेक: अजून?

आचारी: नासपतीचा. जरा जास्त पिकलीय.

लेक: अजून काही? नीट बघा. घाई नाही.

आचारी: परीक्षकाने अत्तर लावलंय. हलकं आहे. लग्नात लावतात तसलं.

लेक: काका, तुम्हाला कसला वास येतोय का?

शिंपी: मला? मला आज माझ्या मोज्यांचासुद्धा येत नाहीये, बाई. आणि ते मोजे म्हणजे गल्लीत नाव काढलेले आहेत.

लेक: पंखा लावू का जरा?

आचारी: पंखा? खबरदार! टीव्हीतला वास नाजूक असतो. पंखा लावला की उडून शेजाऱ्याकडे जातो, आणि मग तो विजेता ओळखतो.

लेक: बरं. मी आत जाऊन येते. घसा कोरडा पडलाय.

आचारी: जा, जा. …शिंप्या. गेली?

शिंपी: गेली.

आचारी: कोण पुढे आहे? लवकर सांग.

शिंपी: मला काय कळतंय त्यातलं? दोघांचंही तपकिरी दिसतंय. तुझ्या कोटाच्या अस्तरासारखं.

आचारी: फुकटचा शिंपी. अरे, चेहरे बघ त्यांचे! कोण घाबरलंय?

शिंपी: तुझ्याइतकं कुणी नाही.

आचारी: …मला त्या बाल्कनीत नाही बसायचं रे. तिचं घर चांगलं आहे, ती चांगली आहे, जावई तर गरीब गाय. पण सकाळी डोळे उघडल्यावर माणसाला कळायला नको का, आज काय शिजवायचंय ते? नाहीतर उठायचं कशाला?

शिंपी: नाक परत येतं म्हणतात. एखाद्याचं येतं.

आचारी: ज्या तापात नाक गेलं, तो जाऊन वर्ष होत आलं. परवा कांदा चिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी सुरी ठेवली, म्हटलं, आला! आला वास! तो कांदा नाकात कोंबायचा बाकी ठेवला.

शिंपी: मग?

आचारी: नुसतं पाणीच होतं.

शिंपी: शालीचं तरी तिला खरं सांगायचंस.

आचारी: शालीचं खोटं नव्हतं ते. ती उशाशी घेतली की मला तेल आठवतं. आठवतं ते येतंच की. तूच सांग, फरक काय?

शिंपी: गप. आली.

आचारी: या! पाणी पिऊन आली माझी लेक! इकडे साखर कशी लालबुंद… काय ठेवलंस गं स्टुलावर? दणकन वाजलं.

लेक: भांडं.

आचारी: मलाही दे घोटभर.

लेक: देते. आधी हे होऊ दे.

शिंपी: बाई… बाई, अगं हे तर…

लेक: काका, हात मांडीवर.

शिंपी: त्याला निदान…

लेक: काका. हात जोडते.

आचारी: काय कुजबूज चाललीय? निकाल लागला?

लेक: नाही अजून. परीक्षक चमचे पुसतायत. अण्णा, शेवटचं विचारते. टीव्ही विसरा थोडा वेळ. दीर्घ श्वास घ्या. मी तुमच्या समोर बसलेय. आता सांगा, कसला वास येतोय?

आचारी: थांब. घेऊ दे श्वास.

लेक: घ्या. हवा तेवढा वेळ घ्या.

आचारी: घेतोय.

लेक: काका, पाय वाजवू नका.

शिंपी: मुंग्या आल्यात, बाई, पायाला. आपोआप झालं.

लेक: दोनदाच आल्या मुंग्या?

आचारी: करपलं!

लेक: काय?

आचारी: करपलं! करपल्याचा वास येतोय!

लेक: अण्णा! काय करपलं? सांगा ना. काय करपलंय?

आचारी: दाढीवाल्याची साखर! लिहून घे! आत्ता, या क्षणाला करपली. चमच्याने ढवळणारा माणूस, त्याची करपणारच होती. चष्मेवाली जिंकली. माझ्या नाकाची शपथ! शिंप्या, बोल. काय दिसतंय?

शिंपी: परीक्षक दाढीवाल्याचं भांडं उलटं धरून दाखवतोय. साखर तळाला चिकटून बसलीय. काळी.

आचारी: हां!

शिंपी: आणि आता चष्मेवालीवर ते चमकीचे कागद उडवतायत. ती चष्मा काढून रडतेय.

आचारी: बघितलंस? बघितलंस, पोरी? डोळे बांधलेले, आवाज बंद, कात्री जप्त! सांगून कुणाला खरं वाटेल? कोण जिंकलं, तू म्हण. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

लेक: चष्मेवाली.

आचारी: आणि गॅसवाला?

लेक: हो. म्हणाले होते मी.

आचारी: म्हणाली होती! शिंप्या, तू साक्षीदार. अरे, उद्या सकाळी सगळ्या शेगड्या पेटवतो. सगळ्या! पाववाल्याला बोलाव, गिऱ्हाइकांना सांग, कुणी घरी जेवायचं नाही. आणि पुढच्या वर्षी त्या टीव्हीवाल्यांनाच कळवतो, परीक्षक कशाला ठेवता, मला घरबसल्या विचारा.

शिंपी: वस्ताद, ते फडकं सोडू का?

आचारी: राहू दे रे. अंधारात जास्त लांबचं येतं. खोटं वाटेल तुला, पण त्या धुक्याच्या दिवशीसुद्धा मी डोळे मिटूनच… अरे, थांब, थांब! या नादात माझ्या लेकीची कॉफी राहिलीच की.

शिंपी: वस्ताद.

आचारी: काय वस्ताद, वस्ताद? सर्दीवाल्यांनी मध्ये बोलू नये. पोरी, तू बैस, मी आणतो. दूध कसं आटलं असेल बघ आता. येतोय ना? इथपर्यंत सुटलाय वास. सायीचा. अगदी तुझ्या आईच्या हातचा.

लेक: दूध करपलं, अण्णा. मघाशीच. भांडं तुमच्या पुढ्यात ठेवलंय.